पहिला झेंडा घरचा

९ एप्रिल

हात हलला!

सारसाची मान काढत होते. जिथे श्वास रोखून एकच रेघ यायला हवी, नेमका तिथेच हलला. आणि खळीची रेघ म्हणजे काही पेन्सिल नव्हे. मेंदीच्या कोनासारखा कोन, आत भाताची खळ. एकदा बाहेर पडली की पडली. तिच्यावर रंग धरत नाही, धुतल्यावर तेवढी पांढरी रेघ राहते. सगळं चित्र त्या रेघेवर उभं. माझा सारस आता घशात काटा अडकल्यासारखा दिसतोय.

जानेवारीपासून चाललंय हे. आधी चहाचा कप, मग सुईतला दोरा. म्हटलं थंडी असेल. आज कुठे होती थंडी? डॉक्टर म्हणतो, "आजार नाही, वय आहे." मेल्याचं काय जातंय सांगायला! आजार असता तर औषध तरी दिलं असतं.

एकोणपन्नास वर्षं जपानातल्या या तोमोझाकी बंदरात बोटींचे झेंडे रंगवतेय. पलंगाच्या चादरीएवढे, लालभडक, निळेजर्द. वाऱ्यावर फडफडले की डोंगरावरून दिसतात. रेघ गेली की रंगारीण गेली. बरंच झालं वीस मेचं तिकीट काढून ठेवलंय. धनू दोन वर्षं मागे लागलाय — "आत्या, आता बास झालं, बार्शीला ये." येते बाबा. भाचा आहे, प्रेमाने बोलावतोय. अजून काय हवं?

१० एप्रिल

सारस पुन्हा पहिल्यापासून केला. उजवा हात डाव्याने धरून. जमला. गिऱ्हाईक खूश. मी नाही.

१३ एप्रिल

फुमिएचं सार्वजनिक न्हाणीघर तीनला उघडतं. पहिल्या कढत पाण्याचा मान आम्हा म्हाताऱ्यांचा. नवरा गेल्यापासून ती गल्ल्यावर सुनेला बसवते आणि स्वतः आमच्याबरोबर पाण्यात उतरते. बंदरातल्या सगळ्या बातम्या तिथे उकळतात.

"ऐकलंस का मंदा? नात्सुकीची बोट बारा मेला पाण्यात उतरतेय."

"देवा! झाली का पोरीची बोट! झेंडे कुणाकुणाचे?"

फुमिए गप्प. फुमिए गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय.

"इवाओने अजून सांगितलेला नाही. मग बाकीचे कसे सांगणार?"

बोंबला! इथली रीतच तशी. नवी बोट उतरते तेव्हा डोलकाठीपासून शेपटापर्यंत झेंडे लागायला हवेत. पण मालकाने स्वतः एकही करून घ्यायचा नाही, कुणाकडे मागायचाही नाही. आपणहून आलेलाच लावायचा. आणि पहिला झेंडा घरचा. त्याच्याआधी दुसऱ्याने दिला तर घरच्यांच्या तोंडात मारल्यासारखं. नात्सुकीला घर म्हणजे एकटा आजोबा, इवाओ. ती लहान असतानाच बाप समुद्रात बुडाला, आई ओसाकाला दुसरं लग्न करून गेली. आजोबा अडला की सगळं बंदर अडलं.

"बिनझेंड्याच्या बोटीवर खलाशी टिकतात का गं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"दोघं ठरलेत म्हणे. झेंडे दिसले नाहीत तर दोघंही मागच्या दाराने जातील." फुमिएने टॉवेल पिळला. "नऊ वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर राबून उभं केलंय पोरीने. वाटोळं करील हा म्हातारा."

१४ एप्रिल

इवाओकडे गेले. हात हलवत कशी जाणार, शेंगदाण्याची चटणी नेली. धनूची बायको दर वर्षी पाठवते. एकोणऐंशी वर्षांचा हा माणूस सोलापुरी चटणी बशीत घेऊन नुसती खातो आणि वर तांदळाची दारू पितो.

दारात जाळं सांधत बसला होता. मान वर नाही.

"नातीचा झेंडा कधी सांगतोस, इवाओ?"

"चटणी आणलीस का?"

"आणलीय. मी काय विचारलं?"

"नाही सांगणार."

"मुलगी आहे म्हणून?"

जाळं खाली टाकलं त्याने. "ए रंगारीण! माझी नात माझ्याहून चांगलं वारं ओळखते. मुलगी-बिलगी काही नाही. नाव! तीन पिढ्या आमच्या घरात कोएइ मारू. चौथी कोएइ मारूच व्हायची होती. आणि हिने काय ठेवलंय? असलं नाव या बंदरात कुणी ऐकलेलं नाही."

इथे प्रत्येक बोटीच्या नावामागे 'मारू' लागतं. आपल्याकडे 'राव' लावतात तसं.

"काय ठेवलंय?"

"पाण्यात उतरेपर्यंत बोटीचं नाव तोंडातून काढायचं नसतं."

"अरे, पण मला सांगतातच की! झेंड्यावर कोण काढतं नाव?"

"तुला तर मुळीच सांगणार नाही." आणि डबा उघडून बोट घातलं चटणीत.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. माझा या बंदरातला पहिला झेंडा याच्याच कोएइ मारूसाठी होता. तेव्हापासून भांडतोय आम्ही. ज्यांच्याकडे हे काम शिकायला आले ते गुरुजी गेले, त्यांच्या बाई गेल्या, हा आहे.

१७ एप्रिल

नात्सुकी आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पोरासारखे केस, हातात अख्खा बोनितो मासा. "आज्जी, कापून देऊ का तुम्ही कापाल?" हात बघितला माझा. बघून न बघितल्यासारखं केलं आणि स्वतःच सुरी घेतली.

एकोणतीस वर्षांची झाली. पाचव्या वर्षापासून रोज दुपारी माझ्याकडे असायची. आजोबा समुद्रावर, घरी कुणी नाही. ताणलेल्या झेंड्यांखाली बसायची, तोंडावर लाल-निळी सावली घेऊन. एकदा विचारलं, "आज्जी, तुमचं गाव कुठल्या बंदराजवळ?" म्हटलं, बंदर नाही गं बाई, समुद्रच नाही. नळालासुद्धा आठ दिवसांनी पाणी. माझा बाप रंगारी, विहिरीतलं पाणी शेंदून कापड धुवायचा. तर रडायला लागली! "मग तिथले मासे कुठे राहतात?"

मग तिला हसवायला मी शिकवलं — बार्शी तिथे सरशी! अर्थ सांगितला. शाळेत धावायच्या शर्यतीत ओरडत धावली. शेवटून दुसरी आली, तरी ओरडतच होती.

आज म्हणाली, "तुम्ही यात पडू नका, आज्जी. उघडीच उतरवीन मी बोट. मासे काय झेंडे बघून येतात?" मासे म्हणताना आवाज फुटला. मग खोकल्यासारखं केलं. मला का कळत नाही?

झेंडा दे असं एका अक्षराने म्हणाली नाही. म्हणणारही नाही. तिच्या आजोबाचीच नात!

१८ एप्रिल

धनूचा फोन. "आत्या, टाकी बसवली. आता चोवीस तास पाणी!" चोवीस तास, बार्शीत! बाबा असते तर नळापुढे पाट मांडून बसले असते. खोलीला पिवळा रंग दिलाय. शेजारच्या बायका विचारतात म्हणे, जपानची आत्या कधी येणार?

जावंसं वाटतं. वाटतं तर वाटतं, वहीशी कशाला खोटं बोलू? सकाळी कांदा चिरताना मोठ्याने म्हणते, "जरा ते मीठ दे गं." कोण देणार? या वहीशिवाय माझ्या भाषेतलं इथे कुणी नाही. आजारी पडले की मी मराठीत कण्हते आणि फुमिए जपानीत धीर देते.

आणि केलं काय मी? आर्ट स्कूलमधली बरोबरची माणसं मोठमोठ्या भिंतींवर लागली. लीला देऊस्कर एकदा इथे आली होती, खरंच वाटेना तिला. "मंदा, तू झेंडे रंगवतेस? बोटींचे?" तीन वर्षांत खारं वारं खाऊन टाकतं त्यांना. झेंड्याच्या कडेला देणाऱ्याचं नाव येतं. रंगवणाऱ्याचं कधीच नाही. दीड-दोन हजार झेंडे केले असतील, माझं नाव एकावर नाही.

२१ एप्रिल

मी देणार. पहिला झेंडा मी देणार!

न्हाणीघरात बोलून टाकलं. फुमिए माझी पाठ घासत होती, हात थांबला तिचा.

"डोकं फिरलंय का तुझं? पहिला घरचा असतो."

"घर देत नसेल तर?"

"आणि पहिला देणाऱ्याने काय करायचं असतं, विसरलीस? बोट पहिल्या फेरीहून येईल तेव्हा धक्क्यावर पुढे उभं राहायचं, पहिला मासा हातात घ्यायचा. पंधरा दिवसांची फेरी. म्हणजे सत्तावीसला. तू वीसलाच विमानात! झेंडा देऊन पळून गेलेली बाई — तुझं नाही, पोरीचं हसं होईल." मग हळूच म्हणाली, "आणि मंदा, रागावू नकोस. तू घरची कुठेयस?"

रागावू नकोस! एकोणपन्नास वर्षं एकमेकींची पाठ घासतोय. तिच्या नवऱ्याच्या मयताला मी चुलीपुढे उभी होते, दोनशे माणसांचं सूप ढवळत. आणि घरची कुठे!

पाठ तिने इतक्या जोराने घासली की अजून चुरचुरतेय. घरी येऊन रडले. मग भात लावला.

२२ एप्रिल

तरी देणार. वीसला जाणारच आहे तर कोण काय वाकडं करणार माझं? धक्क्यावर उभं राहायचं ते बघू मागाहून.

कपाटात चांगलं कापड तीनच झेंड्यांपुरतं आहे. पुरे.

२३ एप्रिल

बोटी बांधायच्या गोदीवर जाऊन नात्सुकीला गाठलं. बोट ताडपत्रीखाली. नुसतं म्हटलं, "नाव सांग. कामापुरतं." लगेच कळलं तिला. कानापर्यंत लाल झाली.

"आज्जी, नको. तुम्ही अडकाल."

"नाव सांग."

"नाही सांगत. नावाची जागा पांढरी ठेवा."

"बिननावाचा झेंडा? भुताची बोट आहे का?"

"पांढरीच ठेवा," म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. इतका वेळ वाकलेली राहिली की तिचे दोन खलाशी काम सोडून बघायला लागले. मीच म्हटलं, ऊठ आता, कंबर धरेल.

आजोबा तसा, नात अशी. मधे मी.

२५ एप्रिल

पहिलं कापड गेलं. पागरा, इथला शकुनाचा लाल मासा, उसळी मारतोय असं काढलं होतं कोळशाने. फार सुंदर आलं होतं, खरंच! खळ घालायला घेतली आणि पाठीच्या कमानीवर हात नाचला. नुसता हलला नाही, नाचला.

२६ एप्रिल

दुसरंही गेलं. डाव्या हाताने धरून, कोपर टेकून, श्वास रोखून. नाही.

एकच उरलंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फुशारकी मारायला कुणी सांगितली होती? बाहेर पंधरा जणांना कळून चुकलंय, रंगारीण स्वतः देतेय म्हणून. फुमिए कशी गप्प बसेल!

२७ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी दार धाडकन उघडलं. इवाओ. चपला न काढता अर्धा आत आला, मग आठवलं तसा मागे जाऊन काढून आला. संतापातसुद्धा!

"पहिला झेंडा तू देतेस?"

"हो."

"माझ्या घरचा झेंडा तू देतेस! आणि सत्तावीसला कोण उभं राहणार? तुझं विमान? तुमच्या गावात असंच करतात का, पंगत मांडायची आणि वाढायच्या वेळी पळून जायचं?"

"तू उभा असतास तर मला द्यावा लागला असता का? सख्खी नात! खलाशी पळतील तिचे, माहितीय ना? नावासाठी! एका नावासाठी पोरीला उघडी पाडतोस!"

"नाव विचारलंस का तिला?"

"सांगत नाही ती!"

यावर एकदम हसला. हसायचं कारण काय? मग त्याची नजर भिंतीकडे गेली. दोन्ही बिघडलेली कापडं तिथे टांगली होती. वाकडीतिकडी रेघ. तो जवळ गेला. नाक लावून बघितलं. बराच वेळ बघत होता. मला वाटलं जमीन दुभंगावी. भांडताना माणूस ताठ तरी असतं. आता काय ताठ राहणार?

"कधीपासून?" माझ्याकडे न बघता.

"जानेवारी."

"म्हणून तिकीट काढलंस?"

डोळ्यांतून पाणी आलं. आलं तर आलं, पुसलं नाही.

तो खाली बसला. शेवटचं कापड बांबूच्या काड्यांवर ताणलेलं, त्यावर कोळशाचा मासा तयार. म्हणाला, "ही असली रेघ बघवत नाही माझ्याने. दे इकडे ते." आणि कोन घेतला माझ्या हातातून! पासष्ट वर्षं जाळी सांधलेले हात. बोटं लाकडाची असल्यासारखी. हलत नाहीत!

"अरे, दाब एकसारखा —"

"गप. सांग नुसतं. कुठून कुठे."

"शेपटापासून. खालून वर. श्वास सोडू नकोस मधे."

"पाण्यात दोन मिनिटं राहतो मी, मला श्वास शिकवतेस?"

आणि ओढली. शेपटापासून डोक्यापर्यंत, एका दमात. कला नाही तिच्यात, नजाकत नाही. पण सुतासारखी सरळ, ताठ, खरी. त्याच्यासारखीच. मी टाळ्याच वाजवल्या! वयाच्या शहात्तराव्या वर्षी, लहान पोरीसारख्या.

"मी झेंडा देत नाहीये हं," तो म्हणाला. "तुझा हात झालोय फक्त."

२८ एप्रिल

रोज सकाळी आठला येतो. मी कोळशाने काढते, मोठ्या रेघांना माझा हात अजून चालतो. तो खळ घालतो. दिवसभर भांडण. "हा खवला जास्त." "तू मोजू नकोस." जेवायला भात, सूप, खारवलेलं आलुबुखार आणि त्याची लाडकी चटणी. इतकी जिवंत मी कैक महिन्यांत नव्हते.

२९ एप्रिल

खालच्या कडेला नेहमी लाटा असतात. लाटांच्या मधे मी ज्वारीची कणसं काढली. का काढली ठाऊक नाही. जायचे दिवस जवळ आले म्हणून असेल.

"हे गवत कसलं?"

"ज्वारी. आमच्या गावचं धान्य."

इवाओ बघतच राहिला. मग हसायला लागला, खोकला येईपर्यंत. पाणी द्यावं लागलं. "बरोबर आहे," म्हणाला. "अगदी बरोबर आहे! राहू दे." वेडा झालाय. पण कणसांची रेघ त्याने सगळ्यात जपून ओढली.

३० एप्रिल

सगळी खळ झाली. राहिली डाव्या कडेची जागा — देणाऱ्याचं नाव. इवाओने कोन खाली ठेवला.

"हे मी काढणार नाही. देणाऱ्याने स्वतःचं स्वतः काढायचं."

"हात बघतोस ना माझा?"

"बघतोय. काढ."

काढलं. मंदाकिनी. आपल्या अक्षरांत काढलं, शिरोरेघेसकट. शिरोरेघ म्हणजे नुसता भूकंप! वेलांट्या डुलतायत. पण मीच काढलं. दीड-दोन हजार झेंड्यांत पहिल्यांदा माझं नाव. इवाओने मान वाकडी करून बघितलं. "वाचता येत नाही. पण तुझंच दिसतंय."

३ मे

रंग भरला, झेंडा धुतला, अंगणात दोरीवर टाकला. ओलं कापड, त्यात तो लाल मासा! निम्मं बंदर कुंपणाशी. आणि काय झालं असेल? फुमिए चपला फटफटवत आत आली, सगळ्यांदेखत म्हणाली, "पहिला लागला ना? मग दुसरा माझा. न्हाणीघरातर्फे. कासव हवंय मला, मोठं."

मी म्हटलं, "पहिला घरचा असतो म्हणालीस ना?"

तिने झेंड्याकडे बोट केलं. "मग तो काय दारचा आहे?" आणि रडायलाच लागली. मीही. दोघी म्हाताऱ्या भर अंगणात, बघणाऱ्यांची करमणूक.

संध्याकाळपर्यंत मासळीबाजाराच्या बायका, बर्फवाला, शाळेच्या बाई, डिझेलपंपावाला. अकरा झेंडे सांगून गेले. नऊ दिवसांत अकरा!

५ मे

शेजारच्या बंदरातून कापड आणवलं. इवाओ रेघा ओढतोय, पाच बायका रंग भरतायत, मी मधे उभी राहून खेकसतेय. बर्फवाल्याची बायको निळ्यात हिरवा घालते! फुमिएचा लाल रेघेबाहेर! "फुमिए, कासवाला गोवर आलाय का?" हसून हसून सगळ्या खाली बसल्या. लीला देऊस्करला बोलवायला हवं होतं बघायला. कुठल्या भिंतीपुढे एवढी माणसं एवढी हसली असतील?

हात आजही हलतोय. आज एकदाही त्याच्याकडे लक्ष गेलं नाही.

८ मे

सात झाले.

११ मे

अकराही झाले! शेवटचा दुपारी वाळला.

इवाओ संध्याकाळी एक गाठोडं घेऊन आला. आत माझा पहिला झेंडा, कोएइ मारूचा. विटून फडकं झालंय, मासा जेमतेम दिसतो. उतरवल्यापासून इतकी वर्षं पेटीत ठेवला होता, डांबराच्या गोळ्या घालून. मला कधी बोलला नाही.

"उद्या हा लावीन. तुझ्या खाली."

"म्हणजे देतोस घरचा?"

"घरचा पहिला लागलाय. हा दुसरा समज." मग दारातून वळून म्हणाला, "नावाचा राग गेला माझा. तुझ्या त्या गवताला हसलो ना, त्या दिवशीच गेला."

तरी नाव सांगितलं नाहीच.

धनूचा फोन आला. सामान भरलंस का, आत्या? म्हटलं, भरते. बॅग उघडून ठेवलीय खरी. आत काय टाकायचं तेच सुचत नाही. पोरीला शब्द दिला नाही, पण झेंडा दिलाय. आणि धनूला शब्द दिलाय. काय करू मी?

१२ मे

काय दिवस! काय दिवस होता!

वारा नैर्ऋत्येचा, हवा तसा. बोट गोदीच्या उतारावर, पांढरीशुभ्र, नावावर कापड बांधलेलं. डोलकाठीच्या टोकाला माझा झेंडा. त्याखाली इवाओचा विटका, मग अकरा. वारा भरला आणि तेराच्या तेरा एकदम उघडले. फाडफाड आवाज! लाल मासा आभाळात उसळला, खाली ज्वारी डुलत होती. लोक वर बघून ओरडायला लागले. मी ओरडले, मराठीत ओरडले, काय ते आठवत नाही.

पुरोहिताने मीठ टाकलं, दारू शिंपडली. दोन्ही खलाशी पुढे छाती काढून उभे. पळतायत कसले! नात्सुकीने वरून मोदकासारखे गोळे, तांदळाचे, मुठी भरभरून गर्दीवर उधळले. मी एप्रनचा ओचा केला, तीन पडले त्यात. फुमिएने पाच पकडले आणि मला दाखवून दाखवून पिशवीत टाकले.

मग मला पुढे बोलावलं. पहिला झेंडा देणाऱ्याने नावावरचं कापड ओढायचं. इवाओने दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. दोन्ही हातांनी धरलं.

ओढलं.

पुढचं आज लिहवत नाही.

१३ मे

काल लिहायचं राहिलं ते. बोटीचं नाव — बार्शी मारू.

सगळे म्हणत होते, बाऽरुशी म्हणजे कुठला मासा? नात्सुकी वरून ओरडली, "मासा नाही! माझ्या आज्जीचं गाव आहे! तिथे समुद्र नव्हता!" गेल्या हिवाळ्यातच नोंदवलं होतं तिने. माझ्या झेंड्याच्या कितीतरी आधी. आज पहाटे पाचला ती फेरीवर निघाली.

आता धनूला फोन केला. "आत्या, मग बार्शीला वीसलाच ना?"

म्हटलं, धनू, तिकीट परत कर बाबा. बार्शी आज समुद्रावर गेलीय. सत्तावीसला परत येईल. धक्क्यावर घरचं कुणी नको का?